बौशरच्या वाडग्याची लाल खूण

आपा, तुझ्या घुब्ऱ्याच्या फ्लॅटमध्ये आज मी चौथ्यांदा जाऊन आले. तुला जाऊन सोळा दिवस झाले, पण माझ्या पायांना ते अजून कळलेलं नाही. लिफ्टमधून बाहेर पडले की चपला काढायला आपोआप भिंतीला हात जातो, आणि मग आठवतं की आता दार तुझा सलीम उघडणार. दमले गं मी. फार रडलेय असंही नाही, नुसतीच दमलेय. सकाळी अल् खुवैरला ऑफिसात जाते, पार्किंगसाठी तीन चकरा मारते, संध्याकाळी तुझ्या घरी येऊन खोक्यांवर बसते. सलीम चहा करतो. चहा तुझ्यासारखा होत नाही, पण पोराला कसं सांगायचं?

त्याला महिनाअखेरीला मस्कतचं हे घर रिकामं करून कॅनडाला परत जायचं आहे. काल त्याने तुझं काचेचं कपाट उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. "आंटी, यातलं व्हॅल्युएबल काय आहे? मला... म्हणजे, आय डोन्ट नो. तुम्ही सांगा, तेवढंच पॅक करतो." मराठी बोलताना तो अजून मध्येच थांबतो, आणि ते तुला किती लागायचं ते मला माहीत आहे. मी एक बशी उचलली, पुढून बघितली, मागून बघितली, आणि परत ठेवली. वीस वर्षांत मी एकटीने एकाही बशीचं मोल सांगितलेलं नाही. सांगायचीस तू. मी गाडी चालवायची, भिंग धरायचं आणि तू बोलशील ते चिठ्ठीवर लिहायचं.

पण मी हे बशांसाठी लिहीत नाहीये. तुझ्यामाझ्यातल्या एका गोष्टीचा सोक्षमोक्ष राहून गेला, म्हणून लिहितेय. बौशरमध्ये एक घर आहे, आणि त्या घराची समजूत अशी आहे की खैरूनआपाने आमच्या आईची शेवटची खूण पुसून टाकली. ती तू पुसली नव्हतीस. मी पुसली होती. तू होतीस तोवर ते सांगायला तू मला जाऊ दिलं नाहीस, आणि खरं बोलायचं तर मीही फार जोर केला नाही.

आपली ओळख तरी कुठे झाली? ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात, भर उन्हात, ड्रमांच्या मधून गाडी उलटी घालायच्या परीक्षेला. मी दुसऱ्या खेपेला पास झाले. तू पाचव्यांदा ड्रम पाडलास, गाडीतून उतरलीस, बुरख्याची धूळ झटकलीस आणि पोलिसाला म्हणालीस, "ड्रम वाकडा ठेवलाय." तो हसला, पण पास काही केलं नाही. मग तू माझ्या शेजारी सावलीत येऊन बसलीस आणि विचारलंस, काय काम करतंस? मी सांगितलं, डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, दिवसभर कागदांवरचे शिक्के आणि सह्या तपासते.

"मी पन शिक्केच बघतंय," तू म्हणालीस. "बशांच्या पाठीवरचे. तुना गाडी येते, मना शिक्के येतात. जमेल काय?"

मला वाटलं, उन्हाने बाईचं डोकं फिरलं असावं. पुढच्या शुक्रवारी जुम्मा झाल्यावर मी तुला घेऊन निघालेसुद्धा. मी वसईची, ख्रिस्ती, चर्चची रविवारची मिस इथे शुक्रवारी करणारी. तू रत्नागिरीकडची, खाडीकाठची. नवऱ्याच्या मुत्रा बाजारातल्या क्रोकरीच्या दुकानात बसून बसून तू बशा वाचायला शिकली होतीस. दुकान गेलं, नवरा गेला, पण डोळा राहिला. कुणी मस्कत सोडून निघालं, कुणी जुनं घर पाडायला काढलं, की आजीच्या वेळची भांडी दाखवायला तुला बोलवायचे.

पहिल्यांदा तू बशी हातात दिलीस तेव्हा मी शहाणपणाने लगेच ती उलटी केली. तू माझ्या हातावर चापट मारलीस. "आदी तोंड बघ गो. मानसाची वळख काय पाठीवरना करतंस?" मग शिकवलंस. फुलं भिंगाखाली धरायची. बारीक बारीक ठिपके दिसले तर छापील. कुंचल्याची ओढ दिसली, एका पाकळीत रंग दाट आणि दुसरीत पातळ असला, तर हाताची. किनारीचं सोनं जिथे बोटं लागतात तिथेच झिजलं पाहिजे. सगळीकडे सारखं झिजलेलं असेल तर कुणीतरी मुद्दाम घासलंय. टिचकी मारून ऐकायचं, आवाज बसका आला की कुठेतरी केस, म्हणजे बारीक तडा, गेलेला आहे. हे सगळं झाल्यावरच पाठ बघायची. पाठीवर देशाचं नाव नसेल तर माल जुना असू शकतो, 'मेड इन' असेल तर त्या मानाने नवा. आणि ज्यावर 'हँड पेंटेड' असं ठळक छापलेलं असेल त्याच्याकडे दोनदा बघायचं. हाताने रंगवणाऱ्याला एवढं ओरडून कशाला सांगावं लागतंय, म्हणायचीस.

मला सगळ्यात आवडायचं ते नखाचं काम. खुणेवरून हळूच नख फिरवायचं. नखाला काहीच लागलं नाही तर ती झिलईखालची, म्हणजे ज्याने पांढरी बशी बनवली त्याची. नखाला अडखळल्यासारखं वाटलं तर ती वरची, म्हणजे ज्याने ती कोरी बशी विकत घेऊन तिच्यावर फुलं काढली त्याची. एका बशीवर दोघांच्या दोन खुणा. मी दिवसभर कागद तयार करणाऱ्याची सही वेगळी आणि मंजूर करणाऱ्याची वेगळी बघणारी बाई, मला ते पटकन समजलं. तू खूश झालीस आणि त्या दिवशी रुवीत मला बिर्याणी खाऊ घातलीस.

भांडायचोही आपण. माझ्या आईची गुलाबाची ताटली मी तुला मोठ्या कौतुकाने दाखवली, तू भिंग लावलंस आणि म्हणालीस, "छापील हाय." मी म्हटलं, नीट बघ. तू म्हणालीस, "नीट बघूनच बोलतंय. पन आईची हाय ना? मग मोल कशाला काढतंस?" मी अजून मानलेलं नाही, आपा. ठिपके मलाही दिसले, तरी मानलेलं नाही.

रिमूव्हरची बाटली त्याच सुमाराला तुझ्या पिशवीत आली. नेलपॉलिश काढायचं साधं पाणी. नकली खुणा लोक मागाहून रंगवतात, त्या रिमूव्हरने सुटतात. भट्टीत भाजलेली खूण सुटत नाही. कापसाचा बोळा, दोन थेंब, झालं. त्याचा तुझा एक नियम होता, मालकाला विचारल्याशिवाय बोळा लावायचा नाही. "पुसलेला परत येत नाय," असं तू प्रत्येक वेळी म्हणायचीस. मी मान हलवायचे.

उम्म खालिदचं घर आठवतं? बौशरमधलं, जुनं ओमानी, कोनाड्यांचं. बैठकीच्या भिंतीत रांगेने कोनाडे आणि प्रत्येकात एकेक वाडगा. लाल, हिरवी, निळी, ठसठशीत फुलं, कधीतरी मुंबईवरून जहाजाने आलेली. तू दारातच थांबलीस आणि "या अल्ला" म्हणालीस. त्यांना विकायचं काही नव्हतं. आई वारली होती, बहिणींमध्ये वाटणी व्हायची होती, आणि कुणाला वाटू नये की मला कमी आलं म्हणून त्यांना एका जाणत्या माणसाचा शब्द हवा होता. त्या तुला कहवा द्यायला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. जाताना तू मला म्हणालीस, "वाडगे खाली काढून ठेव गो, मी आलंय."

एवढंच काम होतं. काढून ठेव. पण मोठ्या वाडग्याच्या बुडाला मला तीन लाल ठिपके दिसले, आणि मी ते क्षणात ओळखले. नेलपॉलिश! आमच्या पॅरिशच्या सणाला आम्ही सगळ्या बायका भांड्यांच्या बुडाला नेलपॉलिश लावतो, नाहीतर आपलं भांडं दुसरीकडे जातं आणि दुसरीचं आपल्याकडे येतं. माझी खूण फुली, मावशीची गोल. मला वाटलं, खाली कारखान्याची खूण झाकली गेली असेल. आपा यायच्या आत साफ करून ठेवावी, आपा म्हणेल फिलूला आता सगळं समजायला लागलं. शाबासकी हवी होती गं मला. चाळिशी ओलांडलेल्या बाईला.

तुझ्या पिशवीतली रिमूव्हरची बाटली काढली आणि तीन बोळ्यांत ठिपके गेले. खाली काही नव्हतं. कोरं पांढरं बूड.

उम्म खालिद आल्या, त्यांनी तोच वाडगा उचलला, उलटा केला आणि बुडावरून बोट फिरवलं. "वो लाल निशान किधर गया?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रमज़ान में माँ सब पड़ोसी को खाना भेजता था. बर्तन वापस आना चाहिए, तो माँ लाल टीका लगाता था. बाक़ी सब टूट गया. ये एक ही था. माँ का हाथ था."

मी तोंड उघडलं होतं, आपा. शपथेवर सांगते, उघडलं होतं. तू त्याआधी बोललीस. "मैंने पोंछा, उम्म खालिद. कहवा को आने से पहले. बुढ़ापा है, हाथ चलता है, दिमाग़ नहीं. माफ़ करो." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. त्यांनी वाडगा परत कोनाड्यात ठेवला, मग "मालेश" म्हणाल्या. झालं ते झालं. तू बाकीचे वाडगे बघितलेस, मी चिठ्ठ्या लिहिल्या. माझं अक्षर त्या दिवशी मलाच वाचता येत नव्हतं.

गाडीत मी तुझ्यावर ओरडले. कुणी सांगितलं होतं तुला खोटं बोलायला? तुझ्या शब्दावर ही घरं चालतात, तुझं नाव गेलं तर राहिलं काय? तू पट्टा लावत शांतपणे म्हणालीस, "बाटली तुज्या हातात मीच दिली ना? मग मीच पुसला. यल्ला, गाडी काढ." मी म्हटलं, मी परत जाऊन सांगते. "नको." उद्या जाते. "नको म्हंटला ना." हाच वाद आपण पुढे किती वर्षं घातला! तुझ्या ओट्याशी, माझ्या गाडीत, एकदा तर हॉस्पिटलच्या रांगेत. तुझं उत्तर ठरलेलं, 'नको'. आणि त्या 'नको'च्या आड लपून मला बरं वाटायचं, हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही.

मग मी बौशर टाळायला लागले. घुब्ऱ्यावरून दहा मिनिटांवर बौशर, तरी तिथल्या मॉलमध्येही मी जाईनाशी झाले. तू दोनदा म्हणालीस, फिलू, या शुक्रवारी बौशरला जायचं काय? एकदा मी गाडीचं काम निघालंय म्हणून सांगितलं, एकदा पाठ धरलीय म्हणून. तिसऱ्यांदा तू विचारलंच नाहीस. पुढे बऱ्याच दिवसांनी मीच विषय काढला, तेव्हा तू कांदा चिरता चिरता म्हणालीस, "त्या आता नाय बोलवत."

मी ते वाक्य छातीवर दगडासारखं वागवलं. उम्म खालिदच्या ओळखीनेच तुला तशी घरं मिळणार होती, कोनाड्यांची, जुन्या वाडग्यांची. ती दारं बंद झाली. मग आपण काय बघितलं? अल् खुवैरच्या फ्लॅटमधले निघालेल्या लोकांचे लग्नातले डिनर सेट. सगळे छापील. तू प्रत्येक बशी तेवढ्याच आदराने भिंगाखाली धरायचीस, आणि मी शेजारी उभी राहून मनात म्हणायचे, हे माझ्यामुळे. माझ्या तीन बोळ्यांमुळे हिला आता हे बघावं लागतंय. शेवटी शेवटी तुझ्या डोळ्यात पाणी यायचं, मोतीबिंदूचं, तरी मला वाटायचं तू रडतेस.

परवा सलीम म्हणाला, "आंटी, अम्मीच्या फोनवर एका लेडीचा कॉल होता. बौशरवरून. मी सांगितलं अम्मी नाही आता, तर त्या खूप रडल्या. कोण आहेत?" मी म्हटलं, ओळखीच्या आहेत. आणि ठरवलं, आता पुरे. तू 'नको' म्हणायला नाहीस, आणि मला लपायलाही जागा नाही. काल जुम्म्यानंतर मी एकटीच बौशरला गेले. गाडी लावून दहा मिनिटं आत बसून राहिले.

उम्म खालिद थकल्यात. काठी घेऊन दारापर्यंत आल्या, मला जवळ घेतलं, तुझ्यासाठी दुवा म्हटली. मी बसायच्या आतच बोलून टाकलं, नाहीतर माझा धीर सुटला असता. "वो लाल निशान आपा ने नहीं पोंछा था. मैंने पोंछा था. वो मेरे लिए झूठ बोली."

"मालूम है," त्या म्हणाल्या. "बोतल तुम्हारा हाथ में था. दवाई का बास तुम्हारा हाथ से आता था. वो तो मेरे साथ कहवा पीता था."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग तेव्हा बोलल्या का नाहीत, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुझी आपा वयाने मोठी. तिने सांगितलं मी केलं, तर मोठ्या माणसाला तोंडावर खोटं कसं म्हणायचं? म्हणून 'मालेश' म्हटलं. तुम्हा दोघींनाही म्हटलं होतं. त्यांनी कोनाड्यातून तो वाडगा काढायला लावला आणि उलटा करून बुडावर तीन जागी बोट टेकवलं, न बघता. "मेरे को मालूम है किधर था," म्हणाल्या.

मी विचारलं, मग तिला पुन्हा बोलावलं का नाही? त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "कैसे नहीं बुलाया? कितना बार फ़ोन किया. मेरा बहन का घर, मेरा ख़ाला का घर, सब को खैरून चाहिए था. वो बोला, मेरा सहेली को बौशर आने में तकलीफ़ है. मैं बोला, गाड़ी भेजता हूँ, ड्राइवर भेजता हूँ. वो बोला, नहीं, ये काम हम दो का है. वो नहीं आएगा तो मैं भी नहीं आएगा."



म्हणजे त्या घरांनी तुला टाकलं नव्हतं. तू त्यांना सोडलंस. मला बौशरच्या रस्त्याची लाज वाटते हे तू ओळखलंस आणि कोनाडे, वाडगे, हाताची फुलं, तुला जे जीव लावून बघावंसं वाटायचं ते सगळं एका वाक्यात बाजूला ठेवलंस. त्यांच्यासमोर माझ्यासाठी खोटं बोललीस, आणि माझ्यासमोर त्यांचं नाव घेऊन परत खोटं बोललीस. आणि मी इतकी वर्षं तुझ्याशीच भांडत होते की तुझ्या खोटेपणाने तुझं काम गेलं. तू कांदा चिरत ऐकून घेतलंस.

निघताना त्यांनी विचारलं, बहिणीच्या घरी अजून काही वाडगे आहेत, बघशील का? मी म्हटलं, मला तिच्याएवढं येत नाही. त्या म्हणाल्या, जितना आता है उतना बोलो. मी येते म्हणाले. सलीमलाही सांगितलंय, कपाटातलं एकही भांडं माझ्याशिवाय बांधू नकोस. चुकेन मी, पण विचारून पुसेन.

तुझे उपकार मानावेत की तुझ्याशी भांडावं, ते मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही करते. पण तू फार चुकलीस, आपा. मला सांभाळायला हवंय असं तुला का वाटलं? एकदाच सांगायचंस. फिलू, तुझ्या भित्रेपणामुळे माझं काम अडतंय, एवढं तोंडावर म्हणायचंस. मी चिडले असते. चार दिवस तुझा फोन उचलला नसता. आणि पाचव्या दिवशी खाली येऊन हॉर्न वाजवला असता, की चल, बौशरला जायचंय ना?